थोरली पेटी जतला नेली तेव्हा

रविवार, १० सप्टेंबर १९९५. वाई.

हजर: मी, निर्मला, टेम्पोचे मालक आणि चालक बाजीराव, मधमाश्यांच्या सहा पेट्या. माश्यांची हजेरी घेता आली नाही. अंधार पडताना सगळ्या घरी आल्या, एवढं पाहिलं आणि पेट्यांची दारं जाळीने बंद केली.

मी वाईत हायस्कूलवर विज्ञान शिकवते. निर्मला एकेकाळची माझी विद्यार्थिनी, आता एका दवाखान्यात परिचारिका. पेट्या तिच्या. त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या अंगणात ती त्या ठेवते. बाजीराव फौजेतून निवृत्त झालेले. जतकडचे इराप्पा हे त्यांच्या पलटणीतल्या दोस्ताचे थोरले भाऊ. त्यांच्या सूर्यफुलात पेट्या ठेवायच्या होत्या. बाजीरावांना मधाचं काही पडलेलं नव्हतं. दोस्ताच्या घरी जायला निमित्त मिळालं, म्हणून ते डिझेलच्या खर्चात तयार झाले.

मधमाश्यांना परगावी का न्यायचं, हे मला सगळ्यांनी विचारलं. कारण पाऊस. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते. वर गेली की गार होते आणि तिच्यातलं पाणी सुटतं. शिजत्या डाळीवरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसं. डोंगर ओलांडून ती पूर्वेला उतरते तेव्हा तिच्याजवळ देण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. म्हणून आमच्या वरच्या अंगाला दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही आणि त्याच वेळी जतला लोक टँकरची वाट पाहतात. पावसात माशीला उडता येत नाही. उडाली तरी फुलातला मधुरस धुऊन गेलेला असतो. निर्मला त्या दिवसांत पेट्यांना साखरेचं पाणी पाजते. म्हणजे आमच्याकडे पाणी आहे आणि फुलं नाहीत, तिकडे फुलं आहेत आणि पाणी नाही.

सहा पेट्यांपैकी एकीचं नाव थोरली. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या भागात माश्यांच्या अळ्यांवर रोग आला. अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगायची आणि मरायची. निर्मलाच्या सगळ्या पेट्या ओस पडल्या, एक राहिली. बाकीच्या पाच तिच्यापासूनच वाढवलेल्या. पण नव्या राणीचं मीलन हवेत, बाहेरच्या नरांशी होतं, त्यामुळे लेकींच्या पेट्या रोगाला टिकतील की नाही, ते सांगता येत नाही. थोरली टिकलेली आम्ही पाहिली आहे. ती गेली तर निर्मलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार, आणि तसं वाण पुन्हा मिळेलच असं नाही.

मी म्हटलं होतं, थोरलीला घरी ठेव, पाच ने.

"बाई, ती सगळ्यांत खंगलीय," निर्मला म्हणाली. "उपाशी ठेवून जपण्यात काय अर्थ आहे?"

बाजीरावांनी टेम्पोपुढे नारळ फोडला. निर्मलाने विहारात मेणबत्ती लावली आणि परत येऊन प्रत्येक दोरीची गाठ पुन्हा ओढून पाहिली. नारळाच्या करवंट्या मी साठवलेल्या बाकीच्या करवंट्यांच्या पिशवीत घातल्या. त्या लागणार होत्या.

सोमवार, ११ सप्टेंबर. विश्रामबाग आणि पुढे.

पेट्या रात्रीच न्याव्या लागतात, कारण दिवसा निम्म्या माश्या बाहेर असतात. शिवाय बंद पेटीत माश्या घाबरल्या की गरमी वाढते आणि पोळ्याचं मेण मऊ पडून पोळं खाली येतं. म्हणून वर ओली पोती. माठ गार राहतो त्याच कारणाने पेटी गार राहते: पाणी उडून जाताना उष्णता बरोबर नेतं. माश्यांना हे आपल्याआधी कळलेलं आहे. उन्हाळ्यात त्या पाण्याचे थेंब आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात.

एका नाक्यावर पोलिसाने टेम्पो थांबवला.

"काय हाय?"

"माश्या," बाजीराव म्हणाले.

"कसल्या माश्या?"

"मधाच्या. सहा पेट्या."

"उघडा."

"हां, उघडतो की. तुमी जरा लांब हुबं ऱ्हावा. आन् ह्या मॅडम नर्स हायेत, काई झालं तर बगतील."

पोलिसाने पेटीला कान लावला. आतला आवाज ऐकून तो सरळ उभा राहिला. "जावा," म्हणाला. मग मागून ओरडला, "परत येताना मध द्या."

उजाडताना सांगलीच्या विश्रामबागेत माझी आतेबहीण शालिनी हिच्याकडे थांबलो. टेम्पो फाटकापाशी उभा करू नका, हे तिचं पहिलं वाक्य. दुसरं, पोहे करू की उपमा. शेजारच्या बंगल्यातले एक गृहस्थ दात घासत आले आणि पेट्यांपासून अंतर राखून त्यांनी विचारलं, माशी चावली तर सांधेदुखी जाते हे खरं का. निर्मला म्हणाली, "जाते का ते माहीत नाही. चावल्यावर पहिली दुखणी आठवत नाहीत." शालिनीने वाटेसाठी भडंगाचा मोठा पुडा दिला. सांगलीकर माणूस भडंग दिल्याशिवाय पाहुण्याला सोडत नाही. आमच्या वाईत निरोपाचा चहा असतो, त्यापेक्षा ही पद्धत प्रवासाला सोयीची.

मिरज मागे पडल्यावर ऊस कमी होत गेला आणि मग संपला. जमीन उघडी, लांबवर पसरलेली. मध्येच मेंढरांचा कळप, मध्येच बाभळी. पाट्यांवर मराठी, बोलण्यात कानडी.

इराप्पांची वस्ती गावापासून बाजूला आहे. दोन खोल्यांचं घर, दारात कडुनिंब, घराच्या एका अंगाला दगडी बांधणीची विहीर, दुसऱ्या अंगाला सूर्यफुलाचं रान. विहिरीचं पाणी मचूळ. ते जनावरांना आणि पिकाला. पिण्याचं पाणी टँकरचं. इराप्पा चाळिशीचे, कमी बोलणारे; धाकटा भाऊ, बाजीरावांचा दोस्त, अजून फौजेतच. त्यांची आई गंगव्वा भरपूर बोलते, मुलाशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत, आणि घाईत असली की दोन्हीत. तिने आमच्या पायांवर पाणी घातलं ते मोजून, तांब्याच्या कडेने. वाईला घाटावर बादल्याच्या बादल्या ओतणारे लोक मला आठवले.

पेट्या रानाच्या बांधावर मांडल्या, दारं पूर्वेला. प्रत्येक पेटीखाली चार पायांची लाकडी घोडी आणि प्रत्येक पायाखाली पाणी भरलेली करवंटी. हा बंदोबस्त मुंग्यांसाठी. आमची सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी माशी, गरीब. मुंग्यांशी भांडत बसण्यापेक्षा घर सोडून जाणं तिला सोपं वाटतं.

गंगव्वा कमरेवर हात ठेवून पाहत होती. "आमाला प्यायला टँकर," ती म्हणाली, "आन् तुमच्या लाकडाला आंगूळ."

"अव्वा, मुंग्या येतात," निर्मलाने सांगितलं.

"आमच्याकडं मुंगीला साखर घालत्यात, पानी न्हाई."

निर्मलाने जाळ्या काढल्या. माश्या बाहेर आल्या, पण लगेच लांब गेल्या नाहीत. पेटीकडे तोंड करून हवेतच डावी-उजवीकडे झुलत राहिल्या, मग मोठ्या घेऱ्यात फिरल्या. ही जागा पाठ करण्याची रीत. पेटी, बांध, झाड, सूर्य असा सगळा नकाशा माशी या पहिल्या फेरीत डोक्यात घालते. नंतर पाहत नाही. सरळ जाते आणि सरळ येते. नव्या जागी जाग आली आणि आजूबाजूचं काहीच ओळखीचं नसलं, तरच ती पुन्हा पाठ करते. मधपाळांचा नियम यातूनच आलेला आहे: पेटी हलवायची तर हातभर, नाहीतर दोन कोस. मधलं अंतर चालत नाही.

हे सगळं मी इराप्पांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. गंगव्वा तेव्हा भाकऱ्या करत होती.

जेवायला पातळ, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मडक्यातलं दही. भाकरी इतकी कडक की मोडताना आवाज होतो. आमच्याकडे अशी भाकरी झाली तर सासू बोलते, इकडे अशी झाली नाही तर बोलते. ती महिनाभर टिकते. पाणी कमी असलेल्या मुलखातलं अन्नही कोरडं असतं, हे मला जेवता जेवता लक्षात आलं.

"ह्यातली मोटी कुटली?" गंगव्वाने पेट्यांकडे हात करून विचारलं.

"ती कडेची. थोरली म्हणतो आम्ही. बाकीच्या तिच्या लेकी."

"म्हंजे आई," गंगव्वा म्हणाली आणि काही वेळ त्या पेटीकडे पाहत राहिली.

मंगळवार, १२ सप्टेंबर. रानात.

इराप्पांची गेल्या वर्षीची तक्रार अशी, की फुलं ताटाएवढी झाली आणि दाणे मधोमध पोचट निघाले. दोष बियाण्याचा, खताचा की जमिनीचा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आपण ज्याला सूर्यफूल म्हणतो ते एक फूल नसून शेकडो बारीक फुलांची परडी असते. कडेची आधी उमलतात, मधली शेवटी. प्रत्येक बारीक फुलाला एक दाणा. पण बहुतेक वाणांना आपल्याच झाडाचे परागकण नीट लागू पडत नाहीत, शेजाऱ्याचे लागतात. ज्वारीचे परागकण हलके, त्यांना वारा पुरतो. सूर्यफुलाचे चिकट आणि जड. ते नेणारं कुणीतरी लागतं. नेणारं कुणी आलंच नाही तर दाण्याचं टरफल तयार होतं आणि आत काही नसतं.

सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. मी घरून जुन्या मलमलीच्या पिशव्या शिवून नेल्या होत्या. कळ्या उमलायच्या आत दोन-चार झाडांच्या तोंडांवर त्या बांधल्या. वारा लागेल, ऊन लागेल, माशी जाणार नाही.

गंगव्वा बांधावरून ओरडली, "फुलाला टोपडं कशाला? थंडी वाजतीया?"

"प्रयोग आहे."

"पोरगी बगायला आल्यावानी तोंड झाकलंय."

इराप्पा पहिल्यांदा हसले. ते मला रान दाखवत होते. "ही फुलं बगा, सूर्य जिकडं तिकडं त्यांचं तोंड. लहानपणापास्नं बगतोय."

दुपार कलली होती. मी त्यांना म्हटलं, आता बघा. सूर्य पश्चिमेला होता आणि रानातली सगळी उमललेली फुलं त्याला पाठ करून पूर्वेकडे तोंड करून उभी होती. इराप्पा थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली.

"ही आज अशी का हायती?"

"रोजच अशी असतात. कोवळी कळी सूर्याबरोबर फिरते. वाढत्या देठाची एक बाजू दिवसा आणि दुसरी रात्री जास्त वाढते, म्हणून ती फिरते. फूल उमललं, देठ निबर झाला, की फिरणं बंद. मग पूर्वेलाच थांबतं. सकाळच्या उन्हाने लवकर तापतं आणि तापलेल्या फुलावर माशी आधी येते."

इराप्पा म्हणाले, "म्हंजे म्हातारपणी एका जागी बसतंय. आमच्या आईला सांगा जरा."

संध्याकाळी मी बांधावर गेले तर पेट्यांपासून थोड्या अंतरावर एक परात ठेवलेली होती. परातीत पाणी, पाण्यात कडब्याचे तुकडे, आणि तुकड्यांवर बसून माश्या पाणी पीत होत्या. गंगव्वाने ठेवली होती. माशी बुडू नये म्हणून कडबा घालायचा, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. "चिमण्यांना ठेवतो तसं," ती म्हणाली. पाणी टँकरचं होतं.

मग ती पेट्यांकडे पाहून म्हणाली, "दिसभर उनात हायती."

"चालतं त्यांना," निर्मला म्हणाली.

गंगव्वाने उत्तर दिलं नाही. ते पटल्याचं लक्षण आहे असं आम्ही दोघींनी धरलं.

बुधवार, १३ सप्टेंबर. जत गाव.

साखर आणि दोऱ्या आणायला जत गावात गेलो. परतीला निघताना टेम्पोच्या मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. मिस्त्री म्हणाला, उद्या सकाळी. बाजीराव म्हणाले, आज. मिस्त्री म्हणाला, "पाटा मिरजंहून येनार हाय, मी काय पेरून उगवू?" मुक्काम करावा लागला. बाजीरावांच्या ओळखीच्या घरी जागा मिळाली आणि रात्री खपली गव्हाची हुग्गी मिळाली. हुग्गी म्हणजे गूळ घालून केलेली दाट खीर. ती वाढताना इथे नको म्हणायची पद्धत नाही.

निर्मलाने दोनदा विचारलं, पेट्या ठीक असतील ना. मी म्हटलं, इराप्पांना सगळं सांगितलेलं आहे.

गुरुवार, १४ सप्टेंबर. वस्ती.

ऊन चांगलं वर आल्यावर पोचलो. बांधावर घोड्या होत्या, पेट्या नव्हत्या. घोड्या काळ्या दिसत होत्या. जवळ गेल्यावर कळलं की त्यांच्यावर माश्या बसल्या आहेत, एकीवर एक, आणि वर आणखी घिरट्या घालत आहेत. पायांत पराग घेऊन आलेल्या माश्या रिकाम्या लाकडावर उतरत होत्या, चालत कडेपर्यंत जात होत्या, आणि पुन्हा मागे येत होत्या.

पेट्या कडुनिंबाखाली होत्या, रानापासून हाकेच्या अंतरावर. आदल्या दिवशी माश्या आत गेल्यावर गंगव्वाने इराप्पांना त्या उचलायला लावल्या होत्या. अलगद आणल्या होत्या, एकही हिंदकळली नव्हती. इराप्पा मला म्हणाले, "मी सांगिटलं तिला, हलवू नको म्हन्त्यात. ती म्हनली, दूरच्या गावास्नं आलेल्या पाव्हन्याला उनात बसवतोस आन् आपन सावलीत जेवतोस. मग काय बोलू?"

पाच पेट्या पोत्यावर मांडलेल्या. थोरली एकटी, घराच्या उंबऱ्याजवळ, पाटावर. पाटाभोवती रांगोळी. झाकणावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पुढे द्रोणात हुग्गी. आणि द्रोणापासून पाटावर, पाटावरून पेटीच्या दारात, काळ्या मुंग्यांची ओळ.

निर्मलाने पिशवी टाकली आणि ओल्या फडक्याने मुंग्या पुसायला सुरुवात केली. उशीर झाला होता. पेटीतला आवाज बदलला, चढत गेला. मग माश्या दारातून सांडाव्या तशा बाहेर आल्या, निंबाखाली त्यांचा ढग झाला. निर्मलाने तांब्यातलं पाणी त्यांच्यावर शिंपडलं. पावसाच्या भासाने माश्या कधी कधी खाली बसतात. या बसल्या नाहीत. ढग घरावरून विहिरीकडे सरकला. बाजीराव चप्पल सोडून त्याच्या मागे पळाले आणि विहिरीच्या काठावरून ओरडले, "हिकडं! आत चालल्यात!"

विहिरीच्या दगडी भिंतीत, पाण्याच्या जरा वर, एक चिरा निखळला होता. माश्या त्या फटीत शिरत होत्या. फटीच्या तोंडाशी काही माश्या शेपटी वर करून पंख हलवत उभ्या होत्या. शेपटीजवळून एक वास सुटतो, पंखांनी तो पसरवायचा, म्हणजे मागे राहिलेल्यांना वाट कळते. राणी आत गेल्याशिवाय असं सहसा होत नाही. निर्मला पायऱ्या संपतात तिथपर्यंत उतरली. फट तिथून हाताला येत नव्हती. खाली पाणी होतं. ती बराच वेळ तिथेच उभी होती.

वर आली तेव्हा तिचा चेहरा दवाखान्यात असतो तसा होता. "आधी पाच पेट्या," ती म्हणाली.

ते काम आम्ही चौघांनी केलं. थोडा धूर दिला, दारं गवताने बंद केली, पेट्या एकेक उचलून ज्या घोडीवर जी होती त्याच घोडीवर ठेवल्या, आणि गवत काढलं. घोड्यांवर ताटकळलेल्या माश्या आत धावल्या. प्रत्येक दारात पुन्हा त्याच शेपटी वर केलेल्या माश्या आणि तोच वारा. दुपारपर्यंत पाचही पेट्यांवर येणंजाणं सुरळीत झालं. सहाव्या घोडीवर थोरलीच्या थोड्या माश्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंत शेजारच्या पेटीत शिरल्या. पराग घेऊन आलेल्या परक्या माशीला दारात फारसं कुणी अडवत नाही.

गंगव्वा सगळा वेळ उंबऱ्यावर बसून होती. द्रोण तिने उचलला होता, रांगोळी पायाने पुसली होती. शेवटी तिने विचारलं, "पेटी तीच, आत आई तीच, लेकरं तीच. मग घर सोडून लाकडाला का चिकटली?"

मी सांगितलं, "माशीचं घर म्हणजे पेटी नव्हे, जागा. डोळे मिटून यावं अशी पाठ केलेली जागा. पेटी हलवली की तिच्या लेखी घर नाहीसं होतं."

"समोर तर दिसत हुतं. झाडाखाली."

"ती शोधत नाही, अव्वा. परत येते."

गंगव्वाने थोडा विचार केला. "माझी सून वारली त्या सालचं," ती म्हणाली, "चुलीची जागा बदलली आमी. वरीसभर पीठ घिऊन जुन्या जाग्यावर बसायला जायची मी." मग निर्मलाकडे पाहून म्हणाली, "तुजी थोरली माज्यामुळं गेली."

निर्मला हात धूत होती. मोजून, तांब्याच्या कडेने. "तुम्ही तिला सावली दिलीत," ती म्हणाली. "माणसाला दिली असतीत तर बरोबर होतं."

ती काय म्हणाली ते गंगव्वाने इराप्पांकडून कानडीत पुन्हा ऐकून घेतलं. आम्ही जेवलो. त्या दिवशी चटणीत तिखट जास्त होतं.

शुक्रवार, १५ सप्टेंबर. परत.

निघण्यापूर्वी निर्मलाने थोरलीचं पाहिलं. फटीवर येणंजाणं सुरू होतं. काही माश्यांच्या पायांना पराग होता. पराग अळ्यांसाठी लागतो. म्हणजे पोळं बांधायला घेतलं होतं, म्हणजे मुक्काम ठरला होता. आता धूर देऊन हुसकलं तर त्या आणखी आत जातील किंवा कायमच्या जातील. पोळं थोडं वाढू द्यायचं, मग विहिरीचं पाणी उतरलं की फळी सोडून खाली जायचं, पोळं कापून पेटीतल्या लाकडी चौकटीत केळीच्या सोपटाने, म्हणजे वाळक्या सालीच्या पट्टीने, बांधायचं, राणीसकट पेटीत घ्यायचं. असं काढता येतं. निर्मलाने झाडाच्या ढोलीतून काढलेलं आहे. विहिरीतून नाही.

पाच पेट्या रानातच राहणार होत्या. थोरलीची रिकामी पेटी टेम्पोत चढवत होतो तेव्हा गंगव्वा आडवी आली. पेटीवर हात ठेवून ती इराप्पांशी कानडीत बोलली.

इराप्पा म्हणाले, "ही हितंच ठेवा म्हन्तीया. हिरीच्या काठाला. त्या येताजाता बगतील, जागा पाठ हुईल. मग त्यांना हिच्यात घातलं तर परकं वाटनार न्हाई."

शास्त्राच्या दृष्टीने ते तितकंसं बरोबर नाही. माश्या आपल्या दाराचा परिसर पाठ करतात, शेजारच्या रिकाम्या पेटीला घर मानत नाहीत. मी तसं म्हणणार होते. निर्मलाने पेटी उतरवली, विहिरीच्या काठावर घोडी रोवली, पेटी वर ठेवली आणि चार करवंट्या पायांखाली सरकवल्या. त्यांत पाणी गंगव्वाने भरलं.

नंतरचं.

पाच पेट्या ऑक्टोबरात परत आल्या. चौकटी जड होत्या. नाक्यावरच्या पोलिसाला बाजीरावांनी मध दिला. मलमल बांधलेली फुलं आणि जोडीला काही उघडी फुलं इराप्पांनी कापून वाळवून टेम्पोतूनच पाठवली. मी ती वर्गात नेली. पिशवीतल्या फुलांत दाणे बहुतेक पोचट, बोटाने दाबले की बसतात. उघड्या फुलांत मध्यापर्यंत भरलेले. मुलांनी दाबून दाबून अर्धे संपवले.

आता थंडी सरत आली आहे. विहिरीचं पाणी उतरल्याचं इराप्पांनी कळवलं आहे. फटीतून पोळ्याची कड बाहेर दिसते, पांढरी, नव्या मेणाची. त्या बाजूचा दोर आईने काढून टाकला, आता लांबच्या बाजूने पाणी शेंदतो, असंही लिहिलं आहे. काठावरच्या पेटीला कुणी हात लावलेला नाही. गंगव्वा लावू देत नाही. करवंट्या रोज सकाळी भरलेल्या असतात.

तयारी झाली आहे: फळी, दोन दोर, धुराडं, केळीचं सोपट, बॅटरी. बाजीरावांनी नवा पाटा बसवला आहे. निर्मलाची रजा दोनदा ठरली आणि दोनदा दवाखान्याने रद्द केली. मला पोहता येत नाही. विहारामागच्या अंगणात पाच पेट्या चालू आहेत, सहावी जागा झाडून ठेवलेली आहे.

विहिरीत अजून कुणी उतरलेलं नाही.